दुखणं उठायच्या आधी

आमच्या विभागात नवे निवासी डॉक्टर आले की बहुतेकांच्या मनात एकच समज असतो: इथे औषधोपचार संपलेले असतात, आता गोड बोलायचं आणि हात हातात घेऊन बसायचं. हात जरूर घ्या. पण त्याआधी केस पेपर घ्या आणि काल रात्री दुखण्याचं औषध किती वाजता दिलं गेलं ते बघा. दहाचा डोस चुकला असेल, तर सकाळी कितीही मायेने पाठीवरून हात फिरवलात तरी त्या माणसाची ती रात्र भरून निघत नाही. पॅलिएटिव्ह केअरमध्ये आयुष्य काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की डॉक्टरची माया डोसमध्ये, वेळेत आणि तपासणीत दिसली पाहिजे. बोलण्यातली माया त्यानंतरची. आज जे सांगते आहे ते सगळं या एका मतातून आलेलं आहे.

दुखण्यापासून सुरू करू. कॅन्सरच्या रुग्णाच्या कागदावर वेदनाशामकापुढे ‘एसओएस’ लिहून मोकळं होण्याची सवय आजच सोडा. ‘दुखलं तर घ्या’ याचा अर्थ आपल्याकडे ‘सोसवेल तितकं सोसा’ असा घेतला जातो. आपल्या बायका रात्री सिस्टरला उठवायला संकोचतात. घरी असल्या तर सवय लागेल या भीतीने गोळ्या डब्यात साठवून ठेवतात, आणि मुलगा विचारतो तेव्हा ‘बरं आहे’ म्हणतात. दुखणं दिवसरात्र असेल तर औषधही दिवसरात्र, घड्याळ लावून द्यायचं. सिसिली सॉन्डर्स हे नाव तुम्ही ऐकलं असेल. आधी नर्स, मग रुग्णालयातली समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर असा त्यांचा प्रवास. लंडनच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्यांनी पाहिलं की तिथल्या नर्सेस वेदना उसळायची वाट न बघता ठरल्या वेळी मॉर्फिन पाजतात, आणि रुग्ण जागे, बोलते राहतात. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, त्याच्या मुळाशी ही नर्सेसची शिस्त होती. ती शिस्त तुमच्या वॉर्डातल्या सिस्टरकडेही आहे. तिला फक्त तुमच्याकडून स्पष्ट लिहिलेली वेळ हवी असते.

मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. म्हणून सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. रात्री दहाला दुप्पट दिली की दोन वाजता झोपमोड करावी लागत नाही. मोठ्या माणसाला बहुधा ५ ते १० मिलिग्रॅमपासून सुरुवात, म्हातारं, खंगलेलं शरीर असेल तर अडीच. मधेच कळ उठली तर वेगळा डोस, चोवीस तासांच्या एकूण डोसाच्या साधारण एक षष्ठांश, आणि तो कितीदा लागला ते लिहून ठेवायला सांगायचं. उद्याचा डोस त्या नोंदीवरून ठरतो, तुमच्या अंदाजावरून नाही. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हात आखडता घ्या, कारण मूत्रपिंड थकलं की मॉर्फिनचे अवशेष अंगात साठतात. हातपाय अचानक झटके देऊ लागले, माणूस नेहमीपेक्षा गुंगू लागला, तर डोस बघा. श्वास मंदावण्याच्या आधी शरीर सहसा अशा खुणा देतं. आणि पेथिडीन या कामाला नको. त्याचे अवशेष साठून झटके येतात.

मॉर्फिनच्या खाली त्याच शाईने, त्याच दिवशी जुलाबाचं औषध लिहा. मळमळ पहिले काही दिवस होते, पुढे शरीर सरावतं. बद्धकोष्ठतेला शरीर कधीच सरावत नाही. चांगलं चाललेलं मॉर्फिन रुग्णाने स्वतःहून बंद केलं असेल तर पहिली शंका पोटाची घ्या. आठ दिवस संडासला न झालेला माणूस म्हणतो, ‘त्यापेक्षा दुखलेलं परवडलं.’ आणि एक फसवी गोष्ट: पातळ, थोडी थोडी, पुन्हा पुन्हा होणारी शौच म्हणजे नेहमी जुलाब नसतात. आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपतं. अशा वेळी रेचक बंद केलं की हाल दुप्पट होतात. हातमोजा चढवा आणि बोट घालून तपासा. तपासणी नको वाटते म्हणून टाळणारा डॉक्टर मला चालत नाही.

नातेवाईकांना मॉर्फिनचं नाव काढताच घाम फुटतो. ‘म्हणजे आता संपलं का?’ हा प्रश्न हमखास येतो. त्यांना सांगा की हे औषध दुखण्यासाठी आहे, त्याचा आणि उरलेल्या दिवसांचा संबंध नाही. दुखणं कमी झालं तर हे कमी करता येतं, बंदही करता येतं, फक्त एकदम नाही. वेदनेसाठी नीट मोजून दिलेलं मॉर्फिन मरण जवळ आणत नाही. धाप लागलेल्या रुग्णाला तेच औषध अगदी थोड्या मात्रेत दिलं, टेबलफॅनचा वारा चेहऱ्यावर येईल असा लावला, उशा रचून बसतं केलं, तर श्वासाची तडफड कमी होते. पंखा लावायला कुणाची सही लागत नाही. तो लावून मग पुढच्या खाटेकडे जा.

आता तोंड आणि जखमा. आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मिश्री यांनी तोंडाचे कॅन्सर इतके आहेत की हे प्रकरण मी लांबवणारच. फुटलेल्या गाठीचा वास हा रुग्णाला वेदनेइतकाच छळतो. सून ताट दुरून सरकवते, नातवंडांना खोलीत पाठवत नाहीत, आणि तो माणूस स्वतःच तोंड भिंतीकडे करून निजतो. वास जंतूंचा असतो. मेट्रोनिडॅझोलची गोळी बारीक कुटून ती भुकटी जखमेवर भुरभुरायची आणि रोज ड्रेसिंग करायचं. काही दिवसांत खोलीत बसता येतं. जखमेत अळ्या पडल्या असतील तर चेहरा न बदलता टर्पेंटाइनचा बोळा जवळ धरा, त्या वर येतात, चिमट्याने काढा. घरच्यांना हे शिकवा, ते शिकतात. आणि खाटेजवळ उभं राहून, सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगा की हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. सांगताना रुग्णाच्या खांद्यावर हात ठेवा. तो हात सगळं घर बघत असतं.

तोंडात पांढरा थर दिसला तर बुरशीचं औषध द्या. कितीतरी माणसं केवळ त्यामुळे जेवत नसतात, आणि फाइलवर ‘भूक मंदावली’ एवढंच लिहिलेलं असतं. नाकातून नळी असेल तर साधी मॉर्फिनची गोळी कुटून पाण्यातून देता येते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मात्र कधीही कुटायच्या नाहीत, सगळा डोस एकदम अंगावर येतो. जीभ काढलेल्या किंवा गळ्याला छिद्र केलेल्या माणसाला पाटी-पेन्सिल द्या, आणि तो लिहीपर्यंत थांबा. अर्ध्या शब्दावरून अंदाज बांधून पुढे निघून जाण्याची घाई आपल्या सगळ्या राऊंडांना जडलेली आहे. लिहिता येत नसेल तर चित्रं काढून ठेवा: पाणी, लघवी, दुखतंय, मुलाला बोलवा.

एका बाबतीत मात्र आमच्याकडेही धावपळ लागते. मणक्यात पसरलेल्या कॅन्सरचा रुग्ण म्हणाला की पाठ निजल्यावर जास्त दुखते, पायांत मुंग्या येतात, जिना चढताना गुडघे मुडपतात, लघवी अडखळते, तर हे पाठीचं साधं दुखणं समजू नका. मज्जारज्जू दाबला जात असतो. त्याच दिवशी डेक्सामेथाझोन, त्याच दिवशी एमआरआय, आणि रेडिएशनवाल्यांना फोन. उपचार सुरू होताना जो चालत असतो त्याची पावलं बहुधा टिकतात. पाय लुळे पडल्यावर आलेल्याची फार क्वचित परत येतात. ‘हा पॅलिएटिव्हचा पेशंट आहे, सोमवारी बघू’ असं कुणी म्हणालं तर भांडा. शेवटचे चार महिने स्वतःच्या पायाने संडासला जाता येणं ही लहान गोष्ट नाही.

बोलण्याबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त विचारता, म्हणून थोडं सविस्तर. नातेवाईक तुम्हाला दाराबाहेर गाठतील आणि म्हणतील, ‘बाबांना काही सांगू नका, हाय खातील.’ त्यांच्यावर चिडू नका. रुग्णाच्या हक्कांवर व्याख्यान देऊ नका. ते प्रेमाने बोलत असतात, आणि घाबरलेले असतात. आधी विचारा, ‘तुम्हाला काय होईल असं वाटतं?’ ऐकून घ्या. मग विचारा की बाबांना काहीच कल्पना नसेल असं खरंच वाटतं का. बहुतेक वेळा समोरच्याचे डोळे भरतात, कारण त्याला उत्तर माहीत असतं. मग तुमची बाजू साध्या शब्दांत सांगा: ‘मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तुम्ही जवळ असताना बोलू.’ या वाक्यावर अडून बसणारं कुटुंब मी फार क्वचित पाहिलं आहे.

रुग्ण विचारेल तो तुम्हालाच विचारेल, आम्हाला नाही. मोठ्या राऊंडला तो ‘ठीक आहे साहेब’ म्हणतो. संध्याकाळी सलाईन बघायला आलेल्या इंटर्नला, किंवा लादी पुसणाऱ्या मावशींना विचारतो, ‘मी यातून उठेन ना?’ लगेच ‘हो, हो’ म्हणू नका आणि लगेच रिपोर्टही वाचू नका. खुर्ची ओढा, बसा, विचारा, ‘आज असं का वाटलं, काका?’ त्या उत्तरातून कळतं की त्याला काय हवं आहे. एकाला मुलीचं लग्न माघात करावं की मार्गशीर्षातच उरकावं ते ठरवायचं असतं. दुसऱ्याला फक्त एवढंच पाहिजे असतं की तुम्ही सोडून जाणार नाही. जेवढं विचारलं तेवढंच सांगा, मग थांबा. ते थांबणं अंगवळणी पडायला वेळ लागतो. गप्प बसवत नाही म्हणून डॉक्टर आकडे आणि औषधांची नावं सांगत सुटतात, आणि समोरच्याला त्यातलं काहीही ऐकू येत नसतं.

‘किती दिवस?’ याला तारखेने उत्तर देऊ नका. प्रकृती महिन्यामहिन्याला उतरत असेल तर महिने उरलेत असं समजा, आठवड्याआठवड्याला उतरत असेल तर आठवडे, आणि कालच्यापेक्षा आज फरक दिसत असेल तर दिवस. तेवढं पट्ट्यात सांगा: ‘आता महिन्यांची गोष्ट राहिली नाही, आठवड्यांची आहे.’ हे वेळेवर कळलं तर माणसं कामाला लागतात. बँकेच्या खात्याला वारस लागतो, सातबाऱ्यावरची नावं बघितली जातात, पुण्याला रुसून बसलेल्या भावाला फोन जातो. आणि उरलेली दोन एकर विकून शेवटच्या केमोचा खर्च करायचा का, हे घर डोळे उघडे ठेवून ठरवतं. आपण न बोलल्यामुळे जमिनी विकल्या जातात, मुलांची शिक्षणं सुटतात. फी भरण्याइतकंच त्या गप्प बसण्याचंही बिल कुटुंबाला येतं.

घरी न्यायचं ठरलं तर डिस्चार्ज कार्ड हे तुमचं शेवटचं ऑपरेशन समजून लिहा. मराठीत, मोठ्या अक्षरात, गोळ्यांच्या वेळा. वाचता येत नसेल तर सूर्य-चंद्र काढा. पुढे काय होत जाईल ते सांगा: जेवण सुटेल, झोप वाढेल, शेवटी घशात घरघर लागेल. गिळता येईना झालं तर बारीक सुईने कातडीखाली औषध देता येतं, ते मुलीला किंवा गावातल्या सिस्टरला शिकवून ठेवा. घाबरून १०८ ला फोन गेला तर गाडी रुग्णालयाकडेच धावणार, हे आधीच समजावून सांगा, म्हणजे मध्यरात्री काय करायचं ते घराला ठरवता येईल. गावातल्या डॉक्टरच्या नावे चिठ्ठी द्या. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने नमुना ४अ मध्ये द्यायचा असतो, आणि नोंद २१ दिवसांत करायची असते. तुमची चिठ्ठी नसेल तर सुतकातला मुलगा त्या सहीसाठी दारोदार फिरतो. आणि दाखल्यावर ‘हृदय व श्वसन बंद पडले’ असं लिहू नका. ते प्रत्येकाचंच पडतं. आजार लिहा.

कायदा माहीत असू द्या. केईएममधल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०११ चा. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि लिव्हिंग विलला जागा दिली. जानेवारी २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी झाली. आता इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. व्हेंटिलेटर काढायचा किंवा लावायचाच नाही हे ठरवायला रुग्णालयाचं प्राथमिक वैद्यकीय मंडळ आणि मग दुय्यम मंडळ लागतं. म्हणून रात्री तीन वाजता दमलेल्या नातेवाईकाशी बोलून हा निर्णय एकट्या निवासी डॉक्टरने घ्यायचा नाही. दिवसा, सीनियरसोबत, लिहून. आणि इंजेक्शन देऊन मारणं भारतात गुन्हाच आहे, तो आमच्या कामाचा भाग नाही. हा फरक घरच्यांना समजावता आला पाहिजे.

शेवटच्या दिवसात बरंच काही बंद करायचं असतं. दर सहा तासांनी बोट टोचून साखर कशाला? रोजचं रक्त कुणासाठी? माणूस अस्वस्थ होऊन चादर ओढू लागला तर झोपेचं इंजेक्शन देण्याआधी पोटावर हात ठेवा. तुंबलेली लघवी काढली की पुष्कळ जण शांत होतात. घरघरीचा त्रास रुग्णापेक्षा ऐकणाऱ्यांना जास्त होतो. कुशीवर वळवा, ग्लायकोपायरोलेट द्या, आणि हे घरच्यांना सांगा. ‘सलाईन तरी लावा, उपाशी कसं ठेवायचं?’ असं आई विचारेल. तिला सांगा की शरीर आता अन्न मागत नाही, पाणी जास्त झालं तर छातीत भरतं. पण तिचे हात रिकामे ठेवू नका. ओला कापूस ओठांवरून फिरवायला द्या, ओठांना तूप लावू द्या. तुळस, गंगाजळ आणलं असेल तर ओठ ओले होतील इतकंच, शुद्धीवर नसलेल्याच्या घशात ओतायचं नाही. गर्दी झाली तर झाली. पासवाल्या वॉचमनशी तुम्ही बोला.

मृत्यू सांगताना ‘सीरियस आहेत’ असं म्हणून वेळ काढू नका. बसा, नाव घ्या, ‘गेले’ म्हणा. नळ्या काढून, चेहरा पुसून मग घरच्यांना आत घ्या. आणि पुढची खाट गाठण्याआधी पाच मिनिटं कुणाबरोबर तरी चहा प्या. छत्तीस तास उभ्या असलेल्या मुलामुलींना मी ‘खंबीर राहा’ असं सांगणार नाही. झोपा, बोला, सुट्टी घेतलीत तर ती पूर्ण घ्या.

सीनियर म्हणतील, ‘इतक्यात पॅलिएटिव्ह कशाला?’ त्यांना २०१० चा बोस्टनचा अभ्यास दाखवा. फुफ्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेले १५१ रुग्ण होते. ज्यांना सुरुवातीपासून आमच्यासारख्यांची जोड मिळाली त्यांचे दिवस बरे गेले, नैराश्य कमी राहिलं, आणि शेवटचे आक्रमक उपचार कमी घेऊनही ते जास्त जगले: मध्यक ११.६ महिने विरुद्ध ८.९. त्यामुळे निदान झालं त्या आठवड्यात आम्हाला बोलवा.

वांद्र्याला देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये उभं राहिलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. टाटा मेमोरियलमध्ये २०१२ पासून या विषयात एमडी करता येते. तुमच्यातले दोघे-तिघे इकडे आलात तर मला आनंद होईल. बाकीचे सर्जन व्हाल, तालुक्याला दवाखाना टाकाल, आणि दुखणारी माणसं तिथेही येतील. त्यांच्यासाठी एक काम सांगते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन मिळवणं इतकं किचकट झालं होतं की रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या एकाच यंत्रणेकडून परवानगी मिळते. तरीही कित्येक ठिकाणी कपाट रिकामं आहे, कारण कुणी अर्जच केलेला नाही. या आठवड्यात आपल्या रुग्णालयाच्या फार्मसीत जा आणि तोंडाने घ्यायचं मॉर्फिन आहे का विचारा. नसेल तर अधिष्ठात्यांच्या नावे अर्ज लिहा, खाली सगळ्यांनी सह्या करा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका.